साधं पाणी

ताईचा फोन आला तेव्हा त्याच्या हातातल्या ब्रशच्या टोकावर उंदराच्या मेंदूचा एक काप होता. नखाएवढा, नखाइतकाच पातळ. खारं पाणी आणि प्राणवायू मिळत राहिला तर असा काप संध्याकाळपर्यंत जिवंत राहतो. आपण कुणाच्या डोक्यात होतो याची त्याला खंत नसते. त्यानं फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि काप अलगद वाडग्यात सोडला.

"काय गं ताई?"

"अरे, आज आईला साधं पाणी दिलं मी."

नेमकी त्याच क्षणी घाईबाई दारात येऊन उभी राहिली. घाईबाई म्हणजे त्याची विद्यार्थिनी. प्रश्न विचारायची आणि उत्तर यायच्या आत निघालेली असायची, म्हणून प्रयोगशाळेनं तिचं हे बारसं केलं होतं. "सर, मिठाची बाटली संपली. वरच्या फळीवरची फोडू?"

"बरं," तो म्हणाला.

एकच 'बरं'. अर्धं फोनमध्ये गेलं, अर्धं दाराकडे. एका शब्दात दोन बायका वाटेला लावल्या. काटकसर म्हणतात ती हीच.

"साधं म्हणजे," ताई म्हणाली, "पूड न घालता. नळाचं, तसंच."

"बरं बरं. ताई, मी जरा कामात आहे गं. संध्याकाळी बोलू."

ताई थोडी थांबली. "बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

ऐकू आलं नव्हतं, असं पुढे त्याला स्वतःशीसुद्धा म्हणता आलं नाही. ऐकलं होतं. घेतलं नव्हतं, एवढंच.

'बरं' हा शब्द त्याला लहानपणीच सापडला होता, आणि एखादा चिक्कू माणूस एकच कोट जन्मभर घालतो तसा तो त्यानं घातला. होकार हवा असेल त्याला त्यात होकार दिसे, नकाराची भीती असेल त्याला नकार दिसत नसे; समोरच्याचं समाधान होई आणि आपल्या पदरचं काही जात नसे. बायको होती तोवर म्हणायची, "तुमच्याशी बोलणं म्हणजे पोस्टाच्या पेटीशी बोलणं. तोंड आहे, पण आत टाकलेलं जातं कुठे ते देव जाणे." त्यावरही तो बरं म्हणाला होता. एके दिवशी ती सामान बांधून उभी राहिली आणि "निघते" म्हणाली, तेव्हाही जिभेवर तोच शब्द आला होता. तो आपण उच्चारला की गिळला हे त्याला आजतागायत आठवलेलं नाही. ताईचं मात्र निराळं. बायको तक्रार करायची; ताई नुसत्या बातम्या सांगायची. आईचा डोळा लागला नाही. आईनं चादर ओली केली. माझा गुडघा सुजलाय. आई आज चावली मला, अंगठ्याला, बोळक्यानं चावली तरी दुखतं बरं का. तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. बातमीला काय, बरं म्हटलं की झालं.

आणि त्याचा विषय, त्यातली गंमत अशी, की दुसऱ्याचं सांडलेलं उचलण्याचाच होता. मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींशी बोलतात त्या ग्लुटामेट नावाच्या द्रव्याचे कण सोडून. बोलणं होतं, कण मागे राहतात, आणि मागे राहिले तर विष होतात. जिच्याशी दोन शब्द बोलायचे तिलाच मारतात. म्हणून प्रत्येक बोलण्याच्या शेजारी एक तारापेशी बसलेली असते, चांदणीसारखी हातपाय फाकून. तिच्या कातडीत वाहक प्रथिनं असतात. प्रयोगशाळेत त्यांना सगळे हमाल म्हणत. हमालांनी सांडलेलं उचलायचं, आत नेऊन टाकायचं, पुन्हा दाराशी यायचं. जुन्या पंडितांनी या पेशींची किंमत सरसाइतकी केली होती: दोन महत्त्वाच्या गोष्टींच्या मधलं काहीतरी चिकट. त्यानं उभी हयात हे सांगण्यात घालवली की बाबांनो, तुमचा प्रत्येक विचार या बिनबोलक्या पेशींच्या जिवावर उभा आहे. हे सांगताना व्यासपीठावर त्याचा गळा भरून यायचा, आणि ते सोंग नसायचं. टाळ्या पडायच्या. खाली उतरल्यावर फोनवर ताईचे न घेतलेले कॉल दिसायचे; ते तो चहा झाल्यावर बघायचा.

आईला पक्षाघात झाला त्या आठवड्यात ताईनं त्याला विचारलं होतं, "म्हणजे आत नेमकं झालं काय रे? डॉक्टर नुसती मान हलवतात." रुग्णालयातला पडदा ओढलेला, आई निपचित, ताई तिच्या तळपायांना तेल चोळत असलेली. घरातल्या कुणी त्याचा विषय विचारण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे आईच्या उशाशी त्याला चक्क हुरूप आला. त्यानं तारापेशी सांगितल्या, हमाल सांगितले.

"म्हणजे मोलकरीणच की," ताई म्हणाली. "आणि पगार?"

"रक्तातली साखर, प्राणवायू."

"तो नाही मिळाला की काम बंद?"

"बंद केलं असतं तर फार बरं झालं असतं. बंद करत नाहीत गं, उलटे चालतात. दार तेच, हालचाल तीच. फक्त आत ओढायच्या जागी, इतके दिवस साठवलेलं सगळं बाहेर ओततात. आईचं रक्त तुटलं त्यानं नुकसान झालंच, पण या ओतण्यानं त्यात भर पडली."

ताईचे हात थांबले. "मुद्दाम?"

तो हसला. "प्रथिनाला कसलं आलंय मुद्दाम!"

"बरं," ताई म्हणाली, आणि दुसरा पाय हातात घेतला.

तिचं ते 'मुद्दाम?' त्यानं पुढच्या भाषणात घातलं. 'मला एका गृहिणीनं विचारलं' असं म्हणून. ताईनं लग्न केलं नव्हतं, तेव्हा ती गृहिणी कुणाची, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मोठा हशा पिकला.

दुपारी घाईबाईनं हाक मारली ती वेगळ्याच आवाजात. "सर, जरा बघता?" काचेची सुई एका तारापेशीत रुतवलेली होती, शेजारी ग्लुटामेटचा फवारा सोडला की पडद्यावरची हिरवी रेघ खाली बुडी मारते, कारण हमाल माल आत नेतात. गेली कित्येक वर्षं ती रेघ बुडी मारत आली होती. तो तिच्याकडे आता बघतही नसे, गृहीत धरत असे. आज ती वर आली होती. खाली न जाता, फवाऱ्याचीही वाट न बघता, शांतपणे वर चढत चालली होती. त्यानं भिंगातून पाहिलं. काप फुगला होता. पेशींच्या कडा पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या सुटत होत्या.

"पाणी कशाचं केलंस?"

घाईबाईनं बाटली आणली. पांढरं मीठ, पांढरं झाकण, त्याच कारखान्याची, त्याच मापाची. फक्त चिठ्ठीवर सोडियमच्या जागी पोटॅशियम. बाहेरच्या सोडियमच्या रेट्यावर हमालांचं सगळं बळ असतं. तो रेटा काढून घेतला होता, वर बाहेरून पोटॅशियम लादलं होतं. मग त्यांनी दुसरं करायचं तरी काय?

"बाटली फोडायच्या आधी चिठ्ठी वाचत नाहीत का?"

तिचे डोळे भरले, पण आवाज सरळ होता. "मी विचारलं होतं, सर. सकाळी, वरच्या फळीवरची फोडू का म्हणून. तुम्ही बरं म्हणालात."

आणि मग, खिशात हरवलेली किल्ली बोटाला लागावी तसं ते सकाळचं दुसरं अर्धं 'बरं' त्याला लागलं.

आईची एक बाजू गेली ती गिळण्यासकट गेली होती. पातळ पाणी तिच्या घशाला कळतच नसे. अन्नाची वाट सोडून ते श्वासाच्या वाटेनं उतरे आणि छातीत जाऊन बसे. म्हणून पाण्यात पूड मिसळायची, चमच्यावरून चटकन ओघळणार नाही असं दाट करायचं, आणि उशी चढवून घासाघासानं भरवायचं. घरी पाठवताना परिचारिकेनं हे दोघांना बसवून शिकवलं होतं, म्हणजे ताईला शिकवलं होतं आणि त्याला बसवलं होतं. ताई त्या पाण्याला खळ म्हणायची. आईला खळ नको असे. ती ओठ मिटे, थुंके, चमचा उडवून लावे. तिच्या तोंडात जे मोजके शब्द शिल्लक होते त्यात एक 'पाणी' होता, आणि वाटी समोर आली की ती तो शब्द रागानं म्हणे, जणू ताईला त्याचा अर्थ शिकवते आहे. त्यानं एकदा हे पाहिलं होतं. ताईच्या गालावर खळ उडाली होती आणि ती न पुसता ताई म्हणत होती, "हेच पाणी गं आई, हेच पाणी." तेव्हा तो म्हणाला होता, "तुझी कमाल आहे ताई." कमाल आहे! एवढं म्हणून तो बसथांब्याकडे निघाला होता, आणि आपण काहीतरी दिलं असं त्याला वाटेत वाटत राहिलं होतं.

त्यानं फोन लावला.

"ताई, आई कशी आहे?"

"झोपलीय. किती दिवसांनी अशी शांत झोपलीय बघ."

"पाणी पिताना ठसका लागला?"

"नाही रे. एकदासुद्धा नाही. घटाघट प्यायली. मग माझ्याकडे बघून हसली."

ठसका लागला असता तर हायसं वाटलं असतं. ठसका म्हणजे वाट चुकलेलं पाणी परत लोटायला आत कुणीतरी जागं आहे. "श्वास कसा वाटतो?"

"आवाज येतोय जरासा. आधण ठेवल्यावर येतो ना, तसा."

"मी निघतो."

"ये," ताई म्हणाली. आणि मग, खरोखरच्या आस्थेनं विचारल्यासारखं, "झालं काम तुझं?"

निघण्याआधी त्यानं ती वर गेलेली रेघ साठवून ठेवली. उलटी असली तरी सुरेख होती, पुढेमागे कुठे दाखवता आली असती. आपला हात हे करतो आहे हे त्याला दिसत होतं, आणि हाताला थांबवण्याइतकी घृणा त्याला येत नव्हती. मोरीशी घाईबाई बशा घासत होती. "सर, काप सगळे फेकू?" तिनं विचारलं. तो उत्तर न देता तिच्या शेजारून गेला.

टॅक्सीत त्यानं आपली बाजू मांडायला घेतली. साधं पाणी म्हणजे काय? गार नव्हे ते साधं. चारचौघांत साधं की गार असं विचारतात, तेच मी समजलो. ही बाजू एका सिग्नलपर्यंत टिकली. पूड न घालता, नळाचं, तसंच. ताईनं कुठे म्हणून फट ठेवली नव्हती. दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा थांबली होती. कशासाठी थांबली होती? तो ओरडेल म्हणून? अगं वेडी झालीस काय, असं एकदा तरी त्यानं किंचाळावं म्हणून? कामावरून उठून यावं, तिच्या हातातला पेला काढून घ्यावा म्हणून? की काही नाही, नेहमीसारखी बातमीच सांगितली? ती दमली होती हे त्याला ठाऊक होतं. पण पाणी ओलं असतं हे ठाऊक असावं तसं. खिडकीतून दुकानं सरकत होती, कुणी काच पुसत होतं, कुणी कुत्र्याला खेचत होतं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर आपलं काम आपण करतो आहोत असा एक निर्लज्ज भाव होता.

लहानपणी दार ताई उघडायची. बाबा कामावरून येत ते दिवसभराचं काहीबाही घेऊन येत, वरिष्ठांचं, रस्त्याचं, स्वतःचं, आणि जो दार उघडील त्याच्यावर ते रिकामं होई. घंटा वाजली की आई स्वयंपाकघरात भांडी वाजवायला लागे आणि तो आतल्या खोलीत पुस्तक उघडे. ताई उठायची, ओढणी सारखी करायची, कडी काढायची. मग बाबांचा आवाज. चपला इथे कुणी टाकल्या, दिवा का चालू, तोंड वर करून काय बघतेस. "आणि तो कुठाय?" "तो अभ्यासात आहे, बाबा." बाबा आतल्या खोलीशी येईपर्यंत त्यांच्यातलं सगळं ओतून झालेलं असे, ते त्याच्या डोक्यावर हात ठेवत, आणि हाताला तंबाखूचा मंद वास येई. त्याला बाबा प्रेमळ म्हणून आठवतात. ही आठवण खोटी नाही. फक्त तिच्या पलीकडच्या खोलीत दुसऱ्या कुणाची तरी आठवण आहे, आणि त्यानं आयुष्यात ती कधी मागून पाहिली नाही. ताई ते सगळं कुठे ठेवायची? तारापेशीत गेलेलं ग्लुटामेट बदललं जातं, बिनविषारी होऊन परत कामाला येतं, ती रसायनं त्याला तोंडपाठ होती. ताईत गेलेल्याचं काय होतं?

दार ताईनंच उघडलं. ओढणी सारखी केलेली होती.

आईच्या खोलीत साबणाचा आणि तेलाचा वास, खिडकीत वाळत टाकलेले टॉवेल, टेबलावर पुडीचा डबा, झाकण घट्ट. शेजारी काचेचा पेला, रिकामा. आई उताणी होती आणि तिच्या छातीत खरोखरच आधण लागलं होतं. ओठांच्या कडा निळसर. चेहऱ्यावर मात्र, कसं सांगावं, पोट भरल्यासारखं काहीतरी होतं.

"ताई, अगं हे..." तो म्हणाला. "का दिलंस?"

"मागत होती," ताई म्हणाली. मग, विचार करून, "रोजच मागते. आज दिलं."

"तुला माहीत होतं ना?"

"हो." तिनं टॉवेलची घडी केली. "तुलाही माहीत होतं."

रुग्णवाहिकेची माणसं आली, आई खुर्चीत बांधली गेली, जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली तेव्हा ताईच पुढे होऊन म्हणाली, "डावीकडून घ्या, डावा पाय तिला कळत नाही, आपटेल." रुग्णालयात पुन्हा एक पडदा, पुन्हा तसलाच दिवा. डॉक्टरबाई तरुण होत्या, त्यांच्या डोळ्यांखाली जागरण होतं, आणि आवाजात कुणावर रागवायचं त्राण नव्हतं. छातीच्या दोन्ही बाजू भरल्या आहेत, त्या म्हणाल्या. श्वासाचं यंत्र लावता येईल. लावलं तर ते पुन्हा निघेल याची खात्री या अवस्थेत देता येत नाही. न लावलं तर फार वेळ नाही. घरच्यांनी ठरवून सांगायचं.

"घरी यांना कुणी पातळ पाणी दिलं का?"

"मी दिलं," ताई म्हणाली.

"सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कल्पना होती?"

टॅक्सीत त्यानं पुष्कळ वाक्यं जुळवली होती. आता त्यांतलं एकही कामाचं नव्हतं. उत्तर छोटं होतं. त्यानं तोंड उघडलं.

"त्याला कुठून असणार," ताई म्हणाली. "तो कामात होता."

डॉक्टरबाईंनी मान हलवली, पुढच्या पडद्याकडे गेल्या. आणि त्याच्या अंगातून एक सुटका उतरली. मानेपासून पाठीवरून, गुडघ्यांपर्यंत, ऊबदार, ओळखीची. पुस्तक उघडून बसलेल्या पोराची सुटका. ती सरली तेव्हा त्यानं ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ताईनं त्याचं सांडलेलं नेहमीसारखं उचललं होतं, की सगळ्या वर्षांचं साठवलेलं त्या चार शब्दांत त्याच्यावर ओतलं होतं? दार तेच होतं, हालचाल तीच. बाहेरून काही कळत नव्हतं. त्याच्याजवळ काचेची सुई नव्हती आणि हिरवी रेघही.

आईचा श्वास पडद्याआड आत जात होता, थांबत होता, बुडबुडत बाहेर येत होता. ताई बाकावर बसली. बसताना तिनं गुडघ्यावर हात दाबला. तो सुजलेला होता, सांगितल्यापेक्षा पुष्कळ जास्त.

"पाणी आण रे मला," ती म्हणाली. "सकाळपासून घशाखाली काही गेलं नाही."

"साधं की गार?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

शब्द दोघांच्या मध्ये पडून राहिला. ताईनं मान वर केली. त्या दिवसात पहिल्यांदाच ती त्याच्याकडे नीट बघत होती, तो कोण आहे हे लक्षात ठेवायचं असल्यासारखी. मग तिची नजर पडद्याकडे गेली आणि परत आली.

"तूच ठरव," ती म्हणाली, आणि डोळे मिटून डोकं भिंतीला टेकलं.

तो उठला. बोळाच्या टोकाला पाण्याचं यंत्र होतं, दोन नळांचं, वर कागदी पेल्यांची चळत. त्यानं एक पेला काढला आणि तिथंच उभा राहिला. लावा म्हणून सांगायचं तर आईच्या घशात नळी, आणि त्या नळीपुढे बसून राहायला पुन्हा ताई. लावू नका म्हणायचं तर ते त्यानं म्हणायचं, त्याच्या तोंडानं. हे कुणाला तरी विचारावं, असं त्याला वाटलं. तो ज्यांना विचारू शकला असता त्यांची मोजदाद एका माणसापाशी संपत होती, आणि ते माणूस बाकावर डोळे मिटून बसलं होतं. मागे चप्पल वाजली, पाण्यासाठी कुणी अनोळखी बाई येऊन उभी राहिली. पडद्याच्या बाजूनं डॉक्टरबाईही इकडेच येत होत्या.

"काय हो," मागे उभी असलेली बाई म्हणाली, "घेताय ना?"

सवयीचा शब्द जिभेवर येऊन बसला होता. तो त्यानं गिळायला घेतला, आणि त्याला ठसका लागला. जोराचा, वाकवणारा, थांबता न थांबणारा, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढणारा. पेला हातातून पडला. त्या बाईनं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, दुसरा पेला भरला आणि त्याच्या तोंडाशी धरला.

"सावकाश," ती म्हणाली. "पाणी प्या, पाणी."